निवडणुकीचा पैसा येतो कुठून आणि वसूल होतो कुठून? शहापूर-मुरबाडच्या मतदारांसाठी सविस्तर माहिती

१ ऑगस्ट २०२३ ची पहाट. शहापूर तालुक्यातल्या सरलांबे गावाजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलाचं काम रात्रपाळीत चालू होतं. गर्डर उचलून खांबांवर बसवणारं अवाढव्य यंत्र, म्हणजे गर्डर लाँचर, गर्डरसह खाली कोसळलं. २० जणांचा जीव गेला. बहुतेक जण पोटासाठी परराज्यातून आलेले कामगार होते.

गुन्हा दाखल झाला तो उपकंत्राटदारांवर. या टप्प्याचं मुख्य कंत्राट हैदराबादच्या नवयुग इंजिनिअरिंग कंपनीकडे होतं. याच कंपनीने २०१९ ते २०२२ या काळात ५५ कोटी रुपयांचे निवडणूक रोखे घेतले होते आणि ते पैसे भारतीय जनता पक्षाच्या खात्यात जमा झाले होते. पण त्या पहाटे ही गोष्ट सरलांब्यातल्या कुणालाही माहीत नव्हती. माहीत होणं शक्यच नव्हतं, कारण कायद्यानेच ती झाकून ठेवली होती. सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने ती बाहेर आली मार्च २०२४ मध्ये, म्हणजे अपघातानंतर साडेसात महिन्यांनी.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. रोख्यांमुळे कंत्राट मिळालं, किंवा रोखे घेतले म्हणून सुरक्षेकडे दुर्लक्ष झालं, असं कुठल्याही कोर्टात सिद्ध झालेलं नाही. ते सिद्ध झाल्यासारखं बोलणं चुकीचं ठरेल. पण प्रश्न तेवढाच नाही. ज्याच्या कामावर सरकारने देखरेख ठेवायची, त्यानेच सत्ताधारी पक्षाला पैसे दिले असतील, तर हे मतदाराला वेळेवर कळायला हवं की नको? या लेखात तेच समजून घेऊ या: हा पैसा कोण देतं, का देतं, कायदा काय म्हणतो आणि साध्या माणसाला त्याचा माग कसा काढता येतो.

हितसंबंधांचा पैसा म्हणजे काय?

निवडणुकीला पैसा लागतो. गाड्या, डिझेल, मंडप, बॅनर, कार्यकर्त्यांचं जेवण, सोशल मीडिया, सगळ्याला खर्च आहे. एखाद्या नागरिकाने आपल्या आवडत्या पक्षाला ५०० किंवा ५ हजार रुपये दिले तर त्यात गैर काही नाही. उलट तो लोकशाहीचा भाग आहे.

हितसंबंधांचा पैसा वेगळा. देणाऱ्याचं एखादं काम सरकारच्या हातात अडकलेलं असतं, किंवा पुढे अडकणार असतं. रस्त्याचं टेंडर, दगडखाणीचा परवाना, जमिनीचा झोन बदलणं, बिल्डरची परवानगी, धरणाचं कंत्राट, थकलेलं बिल. त्याच्या दृष्टीने तो पैसा म्हणजे गुंतवणूक असते.

आपल्या दोन तालुक्यांत असे हितसंबंध कमी नाहीत. भातसा, तानसा आणि मोडकसागर ही मुंबईला पाणी देणारी धरणं शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. नाशिक हायवे इथून जातो, समृद्धी महामार्ग इथून जातो. मुरबाड तालुक्यात एमआयडीसी आहे, फार्महाऊसची विक्री आहे. शिवाय मुरबाड विधानसभा मतदारसंघात बदलापूर शहरही येतं. म्हणजे टोकावड्याचा शेतकरी आणि बदलापूरचा बिल्डर, दोघांचा आमदार एकच. दोघांपैकी कुणाचा फोन आधी उचलला जाईल, हे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पैसा नोटांच्याच रूपात येतो असं नाही. नवा रस्ता कुठून जाणार, हे इतरांआधी कळणं हासुद्धा पैसाच आहे. ज्याला आधी कळतं तो शेतकऱ्याकडून स्वस्तात जमीन घेतो आणि भूसंपादनाचा मोबदला पुढे त्याच्या नावावर निघतो.

वरचं टोक आणि खालचं टोक

गावात या सगळ्याला एकच शब्द आहे: टक्केवारी. वरच्या पातळीवर ती देणगीच्या नावाने जाते. खालच्या पातळीवर ती कामाच्या बिलातून कापली जाते. आणि निवडणुकीच्या आदल्या रात्री तिचाच एक छोटा हिस्सा पाकिटातून आपल्या दारात येतो. लोक त्याला गमतीने लक्ष्मीदर्शन म्हणतात.

साधा हिशोब करून बघू. समजा गावातल्या रस्त्याचं काम १० लाखांचं आहे. त्यातले २ लाख वाटपात गेले. ठेकेदार स्वतःचा नफा सोडणार नाही. मग रस्त्यावर प्रत्यक्षात पडणारी खडी आणि डांबर साडेसहा-सात लाखांचंच असणार. दुसऱ्या पावसाळ्यात रस्ता उखडतो, तो पावसामुळे कमी आणि या वजाबाकीमुळे जास्त.

आता दुसरा हिशोब. मताला ५०० रुपये मिळाले असं धरू. पाच वर्षांचे दिवस होतात १,८२६. म्हणजे दिवसाला २७ पैसे. तेवढ्यावर आपण पाच वर्षं पाणी, रस्ता, दवाखाना यांच्याबद्दल प्रश्न विचारायचा हक्क विकतो. पाकीट देणारा पुढे सरळ म्हणतो, "तुम्हाला दिलंय ना, आता कसला हिशोब मागता?"

हा प्रश्न नवा नाही: छागलांचा इशारा

कंपन्यांनी राजकीय पक्षांना पैसे द्यावेत का, हा वाद मुंबई हायकोर्टात १९५७ मध्येच आला होता. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला आपल्या नियमावलीत बदल करून राजकीय देणग्या देण्याची मुभा हवी होती. एका भागधारकाने विरोध केला. प्रकरण आलं मुख्य न्यायाधीश मोहम्मदअली करीम छागला यांच्यापुढे. तेव्हाच्या कायद्यात अशी देणगी रोखणारी तरतूद नव्हती, त्यामुळे कोर्टाने कंपनीला परवानगी दिली. पण निकालात छागलांनी इशारा दिला, की मोठ्या कंपन्यांचा पैसा राजकारणात असाच येत राहिला तर तो वाढत जाईल आणि लोकशाहीचा गळा आवळेल. संसदेने याकडे लक्ष द्यावं, असं त्यांनी सुचवलं. २०२४ च्या निकालातही या जुन्या खटल्याची आठवण काढली गेली.

पुढे कायदा असा फिरत गेला:

- १९६९: कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर पूर्ण बंदी. पण पैसा थांबला नाही, तो काळ्या वाटेने यायला लागला.
- १९८५: बंदी उठली. कंपनीने सरासरी नफ्याच्या ५ टक्क्यांपर्यंत देणगी द्यावी, अशी मर्यादा आली.
- २०१३: नव्या कंपनी कायद्यात ही मर्यादा तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के झाली.
- २०१७: मर्यादाच काढून टाकली. कोणत्या पक्षाला किती दिले, हे कंपनीने हिशोबात दाखवण्याची सक्तीही गेली.

शेवटच्या बदलाचा अर्थ नीट समजून घ्या. तोट्यातली कंपनीसुद्धा कोट्यवधींची देणगी देऊ शकत होती. जिला स्वतःला नफा नाही, ती हा पैसा कुठून आणते, हे विचारायची सोय उरली नव्हती.

अंतुले प्रकरण: आपल्या माणसालाही हाच नियम

या विषयावर महाराष्ट्रातलं सर्वात गाजलेलं प्रकरण बॅरिस्टर ए. आर. अंतुले यांचं आहे. कोकणातून आलेले अंतुले १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. राज्याला मिळालेले ते आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. संजय गांधी निराधार योजना त्यांच्याच काळातली. आजही कित्येक विधवा आणि वृद्धांच्या घरात त्या योजनेचे पैसे येतात. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं तेही त्यांच्याच काळात. त्यामुळे कोकणात आणि आपल्या समाजात त्यांच्याबद्दल आजही आपुलकी आहे, आणि ती खोटी नाही.

पण दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. त्या काळात सिमेंटची टंचाई होती आणि वाटप सरकारच्या हातात होतं. अंतुलेंनी स्थापन केलेल्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानसारख्या ट्रस्टना बिल्डर आणि साखर कारखान्यांकडून देणग्या येत होत्या. ऑगस्ट १९८१ मध्ये इंडियन एक्स्प्रेसमध्ये अरुण शौरी यांनी हे प्रकरण बाहेर काढलं. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी निकाल दिला, की बिल्डरांना मिळालेलं सिमेंट आणि ट्रस्टला मिळालेल्या देणग्या यांचा एकमेकांशी संबंध होता. अंतुलेंना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. पुढे फौजदारी खटला वर्षानुवर्षं चालला, सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, पण त्यांना शिक्षा झाली नाही. नंतर ते केंद्रात मंत्रीही झाले.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, देणगी चांगल्या कामाच्या ट्रस्टला दिली म्हणून ती स्वच्छ होत नाही. देणाऱ्याला त्याच वेळी सरकारकडून काय मिळालं, ते बघावं लागतं. दुसरी गोष्ट अवघड आहे. 'आपला माणूस आहे म्हणून त्याच्यामागे लागलेत' असं त्या वेळी अनेकांना वाटलं. त्यात राजकारण असेलही. पण आपल्या माणसाला सूट द्यायची आणि दुसऱ्याचा हिशोब मागायचा, हे चालणार नाही. दुसऱ्याचा हिशोब मागण्याचा आपला हक्क त्यातूनच कमकुवत होतो.

निवडणूक रोखे नेमके काय होते?

२०१७ च्या बजेटमध्ये घोषणा झाली आणि २ जानेवारी २०१८ ला योजना लागू झाली. स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांतून १ हजार, १० हजार, १ लाख, १० लाख आणि १ कोटी रुपयांचे रोखे मिळत. विकत घेणारा ते पक्षाला देई आणि पक्षाने १५ दिवसांत ते आपल्या खात्यात भरायचे. रोख्यावर घेणाऱ्याचं नाव नसे. सरकारचं म्हणणं होतं, की रोकड बंद होईल आणि पैसा बँकेतून जाईल. ते अर्धं खरं होतं. पैसा बँकेतून गेला, पण मतदारापासून लपून गेला.

मार्च २०१८ ते जानेवारी २०२४ या काळात सुमारे १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले गेले. किमतीच्या हिशोबाने ९० टक्क्यांहून जास्त रोखे १ कोटीचे होते. कष्टकऱ्याच्या वर्गणीचा पैसा असा नसतो.

१५ फेब्रुवारी २०२४ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही योजना एकमताने रद्द केली. मतदाराला पक्षाचा पैसा कुठून येतो हे जाणण्याचा हक्क आहे, असं कोर्टाने म्हटलं. कंपन्यांवरची नफ्याची मर्यादा काढून टाकणारी २०१७ ची दुरुस्तीही रद्द झाली. स्टेट बँकेने माहिती द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभा निवडणूक होऊन गेल्यावर. कोर्टाने नकार दिला. १४ मार्चला निवडणूक आयोगाने याद्या प्रसिद्ध केल्या. २१ मार्चला रोख्यांचे क्रमांकही आले आणि कुणाचा रोखा कोणत्या पक्षाकडे गेला, हे जुळवता आलं.

एप्रिल २०१९ नंतरच्या याद्यांप्रमाणे भाजपला सुमारे ६,०६० कोटी, तृणमूल काँग्रेसला सुमारे १,६०९ कोटी आणि काँग्रेसला सुमारे १,४२१ कोटी मिळाले. शिवसेनेला दीडशे कोटींहून जास्त, राष्ट्रवादीला ३० कोटींच्या आसपास. सर्वात जास्त वाटा केंद्रातल्या सत्ताधारी पक्षाचा. पण जिथे जो पक्ष सत्तेत, तिथे त्यालाही पैसा, हेही याद्यांत दिसतं. माकपने मात्र रोखे घेतले नाहीत आणि योजनेविरुद्ध कोर्टात गेलेल्यांत तो पक्षही होता.

आपल्या ठाणे जिल्ह्याशी संबंधित आणखी एक नाव या यादीत आहे. मेघा इंजिनिअरिंग कंपनीने एकूण ९६६ कोटींचे रोखे घेतले. त्यातले १४० कोटींचे एप्रिल २०२३ मध्ये घेतले. पुढच्याच महिन्यात ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याच्या सुमारे १४,४०० कोटींच्या कामासाठी ही कंपनी सर्वात कमी बोली लावणारी ठरली. तारखा जवळच्या आहेत म्हणून गुन्हा सिद्ध होत नाही. पण त्या जवळच्या असतील तर चौकशी व्हायला हवी, असं कुणालाही वाटेल. अशा सगळ्या व्यवहारांच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमावं, ही मागणी सुप्रीम कोर्टाने २ ऑगस्ट २०२४ ला फेटाळली. म्हणजे यादी आपल्या हातात आली, पण तिच्यामागची पूर्ण गोष्ट आली नाही.

मुरबाडचं काळू धरण: काम आधी, परवानगी नंतर

पैसा आणि सत्ता यांचं नातं फक्त देणग्यांच्या यादीत दिसत नाही. काम कसं रेटलं जातं, त्यातही दिसतं. मुरबाड तालुक्यात काळू नदीवर धरण बांधायचं ठरलं ते मुंबई महानगर प्रदेशातल्या शहरांना पाणी देण्यासाठी. पैसा एमएमआरडीएचा, काम कोकण पाटबंधारे विकास महामंडळाचं. जवळजवळ १ हजार हेक्टर वनजमीन आणि आदिवासींची गावं-पाडे पाण्याखाली जाणार होते. तरी वनखात्याची परवानगी मिळण्याआधीच २०११ मध्ये काम सुरू झालं. श्रमिक मुक्ती संघटना हायकोर्टात गेली आणि मार्च २०१२ मध्ये कोर्टाने काम थांबवलं.

त्याच वर्षी राज्यभर सिंचन घोटाळ्याचा विषय पेटला. सुमारे ७० हजार कोटी खर्चूनही दहा वर्षांत सिंचनाखालचं क्षेत्र जवळपास वाढलंच नाही, असे आकडे पुढे आले. जलसंपदा खातं अनेक वर्षं सांभाळणाऱ्या अजित पवारांनी सप्टेंबर २०१२ मध्ये उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि काही महिन्यांत ते परत पदावर आले. पुढे २०१९ मध्ये विदर्भातल्या प्रकल्पांबाबत लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने हायकोर्टाला सांगितलं, की त्यांच्यावर जबाबदारी येत नाही. कोकणात पेण तालुक्यातल्या बाळगंगा धरणाबाबत याच विभागाने २०१५ मध्ये ठाण्यात गुन्हा नोंदवला. त्यात महामंडळाचे अधिकारी होते आणि ठेकेदार फर्मचे भागीदारही. काळूचा ठेकाही त्याच ठेकेदाराकडे होता.

काळू प्रकरणात महत्त्वाचा मुद्दा असा: जंगल, माणसं आणि कायदा यांचा विचार होण्याआधी टेंडर निघतं, तेव्हा गरज पाण्याची आहे की टेंडरची, हे विचारावं लागतं. आणि ते विचारलं कुणी? ज्यांच्याकडे कंत्राट नव्हतं, फक्त जमीन आणि घर होतं, त्यांनी. धरण अजून उभं राहिलेलं नाही. त्याच्या चर्चा मात्र दर काही वर्षांनी परत सुरू होतात.

कब्रस्तानची भिंत आणि उपकाराचं ओझं

आपल्या वस्त्यांत हा विषय वेगळ्या रूपात येतो. निवडणूक जवळ आली की कब्रस्तानची संरक्षक भिंत, मशिदीसमोरचे पेव्हर ब्लॉक, समाजमंदिर, बोअरवेल अशी कामं मंजूर होतात. उद्घाटनाला फलक लागतो: 'अमुक साहेबांच्या प्रयत्नातून'. जमातीचे ट्रस्टी शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतात. काम झालं, चांगलंच झालं. पण ते कुणाच्या पैशातून झालं?

खासदाराला वर्षाला ५ कोटींचा स्थानिक विकास निधी मिळतो. महाराष्ट्रात आमदाराचा निधीही २०२२ पासून वर्षाला ५ कोटी आहे. हा पैसा सरकारी तिजोरीतला, म्हणजे आपण भरलेल्या करातला. काडेपेटी घेणारी बाईसुद्धा कर भरते. आमदार काम सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून येते. तेव्हा तो उपकार नाही, आपला हक्क आहे.

उपकार मानला की माणूस मिंधा होतो. मग टँकर वेळेवर का येत नाही, समृद्धीच्या कामामुळे विहीर आटली त्याची भरपाई कुठे आहे, दवाखान्यात डॉक्टर का नाही, हे विचारायला जीभ रेटत नाही. 'त्यांनी आपल्याला भिंत दिली' एवढ्यावर पाच वर्षं जातात. अनेकदा भिंतीचं काम कुठल्या ठेकेदाराला मिळालं आणि तो कुणाचा माणूस, हेही कुणी बघत नाही.

कायदा काय सांगतो?

- विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख, लोकसभेची ९५ लाख रुपये आहे. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादा नाही. मोठी पळवाट हीच आहे.
- मुरबाडसारख्या ४ लाखांहून जास्त मतदारांच्या मतदारसंघात ४० लाख म्हणजे दर मतदारामागे १० रुपयेसुद्धा नाहीत. तेव्हा ज्याने मतदारसंघभर ५०० ची पाकिटं वाटली, त्याने खर्चमर्यादा मोडल्याशिवाय ती वाटलेली असूच शकत नाहीत.
- मतासाठी पैसे देणं हा गुन्हा आहे आणि घेणं हाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० आणि १७३ मध्ये त्यासाठी १ वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही आहे.
- २० हजार रुपयांपेक्षा जास्त देणगी देणाऱ्याचं नाव पक्षाने निवडणूक आयोगाला कळवायचं असतं. रोख देणगी २ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणून मोठी रक्कम छोट्या तुकड्यांत दाखवण्याची वाट शिल्लक राहते.
- सरकारी कामाचं कंत्राट स्वतःच्या नावावर चालू असेल तर त्या व्यक्तीला आमदारकी-खासदारकी लढवता येत नाही. पण भाऊ, मेहुणा किंवा कंपनीच्या नावावर असेल तर हे कलम सहसा लागत नाही.
- ग्रामपंचायतीत नियम जास्त कडक आहे. पंचायतीच्या कामात सदस्याचा थेट किंवा आडून हितसंबंध असेल तर त्याचं सदस्यत्व जाऊ शकतं.

बाहेरच्या जगातही हा प्रश्न सुटलेला नाही. अमेरिकेत २०१० च्या एका निकालाने कंपन्यांना निवडणुकीच्या प्रचारावर हवा तेवढा खर्च करण्याची मोकळीक मिळाली आणि पैशाचा पूर आला. तरी तिथे उमेदवाराला २०० डॉलरपेक्षा जास्त देणाऱ्याचं नाव लोकांना बघता येतं. पैसा पूर्ण थांबवणं कुणालाच जमलेलं नाही. पण तो उजेडात आणणं जमतं.

आपण काय बघू शकतो? सात साध्या गोष्टी

१. शपथपत्र वाचा. प्रत्येक उमेदवार फॉर्म २६ मध्ये मालमत्ता, कर्ज, गुन्हे आणि सरकारी कंत्राटं यांची माहिती देतो. निवडणूक आयोगाच्या साइटवर ते मिळतं, 'मायनेता' या साइटवर सोप्या रूपात दिसतं. २०१९ आणि २०२४ ची शपथपत्रं शेजारी ठेवा. मालमत्ता किती वाढली आणि उत्पन्नाचं साधन काय दाखवलं, ते बघा.

२. निवडणूक खर्चाचा हिशोब बघा. निकालानंतर ३० दिवसांत उमेदवाराने तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. १ रुपया फी भरून कुणीही तो पाहू शकतो आणि ठरलेली फी भरून प्रतही घेऊ शकतो. गावात किती सभा आणि किती जेवणावळी झाल्या, हे आपल्याला माहीत असतं. कागदावर किती आहेत, ते ताडून बघा.

३. पक्षांच्या देणग्यांची यादी बघा. रोखे बंद झाले, पण कंपन्या थेट आणि इलेक्टोरल ट्रस्टमार्फत देणग्या देतातच. त्यांचे वार्षिक अहवाल आयोगाच्या साइटवर असतात. आपल्या भागात काम करणाऱ्या कंपनीचं नाव त्यात आहे का, ते शोधा.

४. टेंडर तपासा. राज्य सरकारची ऑनलाइन टेंडरं 'महाटेंडर्स' पोर्टलवर असतात. एकाच कामाला फक्त दोन-तीन बोली आणि दर वेळी तोच विजेता, असं दिसलं तर नोंद ठेवा.

५. माहितीचा अधिकार वापरा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, साधा अर्ज आणि ३० दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही. मोघम विचारू नका. कामाचं अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, बिल दिल्याची तारीख आणि दोषदायित्व कालावधी मागा. या कालावधीत रस्ता उखडला तर ठेकेदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. हे माहीत नसल्यामुळे त्याच रस्त्याचं नवं टेंडर निघतं.

६. ग्रामसभेला जा. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे पेसा कायदा लागू आहे. भूसंपादनाआधी ग्रामसभेशी विचारविनिमय आणि गौण खनिजाच्या परवान्याआधी ग्रामसभेची शिफारस लागते. कोरम नसताना घरोघर फिरून घेतलेल्या सह्या म्हणजे ग्रामसभा नव्हे. बायकांनीही जायला हवं. पाण्याचा त्रास कुणाला होतो, हे त्याच नीट सांगू शकतात.

७. पैसे वाटताना दिसले तर कळवा. आयोगाच्या 'सी-व्हिजिल' ॲपवर फोटो किंवा व्हिडिओ टाकता येतो. तक्रारीवर १०० मिनिटांत कारवाई व्हावी, अशी व्यवस्था आहे. नाव न देताही तक्रार करता येते.

शेवटी

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. आता सरलांब्याजवळून गाड्या सुसाट जातात. रस्ता सगळ्यांच्या उपयोगाचा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तो बांधताना गेलेल्या २० जणांच्या घरच्यांना आणि इथल्या गावकऱ्यांना त्या पहाटे साधी गोष्ट कळायला हवी होती: हे काम कोण करतं आणि ते कुणाला पैसे देतं. पुढच्या कामाच्या वेळी ती आधी कळेल की नाही, हे बऱ्याच अंशी आपण विचारतो की नाही यावर ठरेल.

मोहल्ल्यात, गावात चार-पाच जणांनी मिळून सुरुवात करता येते. एकाने शपथपत्र काढायचं, एकाने माहिती अधिकाराचा अर्ज लिहायचा, एकाने ग्रामसभेत ते वाचून दाखवायचं. भांडण करायची गरज नाही, कुणाला शिव्या द्यायची गरज नाही. कागद हातात असला की आवाज न चढवताही प्रश्न विचारता येतो. आणि पाकीट दारात आलं, तर परत पाठवायला हिंमत लागते ती एकदाच. ते घेतल्यावर मान खाली घालावी लागते पाच वर्षं.